धन्याच्या नावाचा परवाना

पोटासाठी परमुलखात जाणाऱ्या माणसाजवळ जो परवाना असतो, त्यावर नाव त्याचे असले तरी तो निघालेला असतो दुसऱ्याच कोणाच्या विनंतीवरून. आणि ज्याच्या विनंतीवरून तो निघाला त्याची मर्जी फिरली, किंवा त्याचेच दिवस फिरले, की त्या परवान्यातील बळ निघून जाते. आखातात सुतारकामास गेलेला वसमतचा मनुष्य असो, की अमेरिकेत संगणकाच्या कामावर असलेला हिंगोलीच्या एखाद्या शिक्षकाचा मुलगा असो, दोघांचाही परदेशी राहण्याचा हक्क नोकरीला आणि नोकरी एका ठरावीक धन्याला बांधलेली असते. ही व्यवस्था विमानाच्या आणि पारपत्राच्या युगाने निर्माण केली, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या हिंगोलीच्या परिसराने या व्यवस्थेची दोन्ही अंगे फार पूर्वीपासून पाहिलेली आहेत. आणि विशेष हे की, येथील माणसे परदेशी जाऊ लागण्याच्या कितीतरी आधी, दूरदेशची माणसे येथे नोकरीस येत होती आणि त्यांच्या येण्याला, राहण्याला व निघून जाण्याला अशाच परवान्यांचा जाच होता. म्हणून या विषयाचा इतिहास मी दुबईपासून किंवा कॅलिफोर्नियापासून आरंभीत नाही. तो हिंगोलीच्या छावणीपासून आरंभणे मला अधिक योग्य वाटते.

आजचा हिंगोली जिल्हा परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या आसफजाही राज्याचा भाग होता, आणि राज्याच्या उत्तर भागात, पैनगंगेच्या अलीकडे, कयाधूच्या काठी वसलेल्या हिंगोलीस निजामाच्या त्या फौजेची छावणी होती, जिला पुढे हैदराबाद कंटिंजंट असे नाव मिळाले. फौज निजामाची, पगार निजामाच्या खजिन्यातला, शिपाई हिंदुस्थानी, आणि हुकूम देणारे अंमलदार मात्र इंग्रज, अशी तिची रचना होती. हे इंग्रज अंमलदार निजामाचे नोकर होते खरे. पण त्यांना नोकरीस ठेवण्याची मोकळीक निजामाला नव्हती. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजाम अलीखान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो तहनामा झाला, त्यान्वये रेमाँ नामक फ्रेंच सेनानीने उभी केलेली कवायती फौज मोडून टाकण्याचे ठरले, आणि कंपनीच्या संमतीवाचून कोणत्याही युरोपियन इसमाला निजामाने नोकरीस ठेवू नये, किंबहुना आपल्या मुलखात राहूही देऊ नये, असेही त्यात कबूल करून घेण्यात आले. त्याच साली ऑक्टोबरात फ्रेंच पलटणींकडून हत्यारे खाली ठेवविण्यात आली, आणि दक्षिणेतील एका मोठ्या राज्यात नोकरी कोणी करावी हे ठरविण्याचा अधिकार, त्या राज्याचा धनी जिवंत आणि गादीवर असताना, तिसऱ्याच सत्तेच्या हाती गेला.

कंपनीचा हा बंदोबस्त देशी राजांपुरता नव्हता. खुद्द इंग्रजांवरही तो तितकाच कडक होता. १८३३ च्या सनदी कायद्यापर्यंत इंग्लंडातून हिंदुस्थानात येऊन राहू इच्छिणाऱ्या खाजगी माणसाला परवाना लागत असे, आणि तो रद्द झाला की मिळेल त्या जहाजाने परत जावे लागे. कलकत्त्यास ‘कलकत्ता जर्नल’ नावाचे पत्र चालविणाऱ्या जेम्स सिल्क बकिंगहॅम याने कंपनीच्या कारभारावर टीका केली, तेव्हा १८२३ मध्ये जॉन अ‍ॅडम या हंगामी गव्हर्नर जनरलने त्याच्यावर कोर्टात खटला भरण्याची तसदी घेतली नाही. त्याचा राहण्याचा परवाना तेवढा काढून घेतला. ज्याचे राहणे दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याला गप्प करण्यास तुरुंगाची गरज पडत नाही, ही गोष्ट कंपनीने आपल्याच देशबांधवांवर सिद्ध करून दाखविली.

याच काळात फिलिप मेडोज टेलर हा लिव्हरपूलचा मुलगा मुंबईस येऊन उतरला. १८२४ साली त्याचे वय पंधरा-सोळा वर्षांचे होते. मुंबईतील बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याने त्याला आपल्या पेढीवर घेण्याचे आणि वयात आल्यावर भागीदार करण्याचे आश्वासन दिले होते, आणि त्या आश्वासनाच्या भरवशावर त्याच्या घरच्यांनी त्याला सहा हजार कोसांच्या प्रवासाला धाडले होते. मुंबईस येऊन पाहतो तो पेढी डबघाईस आलेली! धनी म्हणून ज्याचे नाव घेऊन तो निघाला, तो धनीच बुडत होता. अलीकडे ब्रिटनमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामावर जाऊन, तेथे ज्या संस्थेने आपल्याला बोलावले तिच्याजवळ कामच नाही किंवा तिचा परवानाच सरकारने काढून घेतला आहे, असे ज्यांना उमगले, त्यांची जी अवस्था झाली तीच या मुलाची झाली. फरक एवढाच की, त्याचा एक नातलग मुंबई सरकारात वजनदार हुद्द्यावर होता. त्याच्या खटपटीने टेलरला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादेस रुजू झाला. असा नातलग सगळ्यांना नसतो. पुढे सुमारे तीन तपे टेलर निजामाच्या नोकरीत राहिला, शोरापूरचा कारभार त्याने पाहिला, नळदुर्गाला अंमलदार होता, वऱ्हाडातही होता. परंतु तो निजामाचा नोकर, कंपनीचा नव्हे, ही उणीव त्याला शेवटपर्यंत सलत राहिली, कारण कंपनीच्या सनदी अंमलदारांचे हक्क त्याला लागू नव्हते. मरणोत्तर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला, परक्या दरबारी राबणाऱ्या हुशार माणसाचे हे शल्य जागोजाग जाणवल्यावाचून राहत नाही.

याच टेलरने १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ठगावरील आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीची एक हकीकत नमूद केली आहे. तिच्याइतकी परवान्याच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारी दुसरी गोष्ट माझ्या वाचनात नाही. म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगतो. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. छावणीतील अंमलदारांशी त्याचा देण्याघेण्याचा संबंध होता. खुद्द टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केला होता. हा हरिसिंग एके दिवशी जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनल्ड्सकडे गेला आणि मुंबईहून कापड आणावयाचे आहे, त्यासाठी परवाना द्यावा, अशी त्याने विनंती केली. विनंती रीतसर, अर्जदार अब्रूदार, सबब परवाना मिळाला. वास्तविक ते कापड हिंगोलीच्या जवळपासच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचे होते, आणि तो व्यापारी माल घेऊन मुंबईहून निघाला असल्याची पक्की खबर हरिसिंगाला होती. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या सोबत्यांना आणि गाडीवानांना वाटेत ठार केले, हाती आलेल्या परवान्याच्या आधारे तो माल नाक्यानाक्यावरून बिनबोभाट आणला आणि छावणीच्या बाजारात उजळ माथ्याने विकला. ठगीचा तपास सुरू होऊन हरिसिंग पकडला गेला आणि त्याने आपण होऊन, फुशारकीने, ही गोष्ट सांगितली नसती, तर ती कधीच उघडकीस आली नसती. त्याच्या टोळीने छावणीच्या ऐन बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसे मारली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर पुरली होती. ती थडगी उकरली जात असताना टेलर स्वतः तेथे हजर होता.

या हकीकतीत कोणीही लबाडीने शिक्का बनविला नव्हता, सही खोटी नव्हती, दफ्तरी नोंद बिनचूक होती. परवाना मागणारा भला की बुरा हे रेनल्ड्सला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याचे साधनही त्याच्याजवळ नव्हते. बाजारातील पत पाहून त्याने विश्वास टाकला. आजही नोकरीच्या परवान्यासाठी अर्ज येतो तो नोकरी देणाऱ्याचा. आणि त्याची कंपनी नोंदलेली आहे की नाही, कर भरते की नाही, पगार ठरल्याप्रमाणे दाखविला आहे की नाही, एवढे पाहून दूरच्या कचेरीतील अंमलदार मोहर उठवितो. ज्याला जायचे असते त्याची तपासणी कसून होते. त्याची पदवी, त्याचे रक्त, त्याच्या छातीचे छायाचित्र, त्याच्या बोटांचे ठसे, सर्व तपासले जाते. ज्याच्या हाती तो जाणार, त्याची तपासणी मात्र कागदांवर भागते. हा विषमपणा या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

पुढे हैदराबाद राज्यात हाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाण होते. राज्यकारभाराची नवी घडी बसविण्यासाठी, जिल्हाबंदी करून अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार, तहसीलदार अशी उतरंड उभारण्यासाठी त्यांना इंग्रजी राजवटीत तयार झालेली माणसे हवी होती, आणि ती त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून आणविली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिन-उल-मुल्क म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले मेहदी अली, विकार-उल-मुल्क झालेले मुश्ताक हुसेन, चिराग अली हे सगळे असे दरबाराच्या बोलावण्यावरून आलेले लोक. त्यांच्या कर्तबगारीविषयी दुमत नाही. पण १८८४ मध्ये दफ्तराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाल्यावर उत्तरेकडील मंडळींचे पारडे आणखी जड झाले, आणि मुलकी (राज्यातले) व गैरमुलकी (बाहेरून आलेले) असा वाद राज्यात धुमसू लागला. बोलावून आणलेल्या माणसाचे आसन किती डळमळीत असते, याचे उदाहरण म्हणजे अघोरनाथ चट्टोपाध्याय. एडिंबरोची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विद्वानाला हैदराबादेस कॉलेज उभारण्यासाठी पाचारण करण्यात आले. १८८३ मध्ये चांदा रेल्वेच्या योजनेविरुद्ध लोकमत जागे करण्यात त्यांनी भाग घेतला, तेव्हा ते नुसते बरतर्फ झाले नाहीत, तर त्यांना राज्यातून हद्दपार करण्यात आले. नोकरी आणि निवास एकाच दोरीने बांधलेले असले म्हणजे एक तोडताच दुसरे सुटते. त्यांना पुढे परत बोलावण्यात आले, हे दरबाराला शोभण्यासारखे झाले. सरोजिनी नायडू या त्यांच्याच कन्या.

१९१९ च्या फर्मानाने मुलकी कोण याची व्याख्या ठरली. जन्माने राज्याची प्रजा असलेला, किंवा ज्याच्या जन्मकाळी बापाची सरकारी नोकरी पंधरा वर्षांची झाली होती असा, किंवा जो पंधरा वर्षे राज्यात राहिला असून मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडल्याचे ज्याने प्रतिज्ञेवर लिहून दिले आहे असा; आणि यांपैकी कोणत्याच वर्गात न बसणाऱ्याला निजामाच्या खास मंजुरीवाचून लहानमोठी कोणतीच नोकरी मिळू नये, असा तो नियम होता. पंधरा वर्षे वाट पाहावयाची, मन येथेच जडले असल्याचे शपथेवर सांगावयाचे, आणि दरम्यान ज्याच्या मंजुरीवर आपली रोटी चालते त्याची मर्जी राखावयाची! अमेरिकेत कायम वास्तव्याच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मराठी कुटुंबांना हे वर्णन परके वाटू नये. मात्र एक अंतर ध्यानात ठेवले पाहिजे: हैदराबादचा नियम ज्यांच्या रक्षणासाठी होता, त्या मुलकी प्रजेतही मराठवाड्यातील शेतकऱ्याचा मुलगा शेवटीच उभा होता. तो जन्माने मुलकी होता, त्याला दाखलाही मिळे. परंतु शाळा थोड्या, शिक्षण उर्दूतून, आणि कचेरीची भाषा त्याच्या घरात बोलली जात नसे, त्यामुळे दाखला हाती असूनही दरवाजा बंदच राही. आपल्याच मुलखात परका ठरण्याचा हा अनुभव मराठवाड्याच्या मनावर खोल उमटला आहे, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील मराठवाड्याच्या अनुशेषाच्या मागण्यांत त्याचा आवाज ऐकू येतो, असे माझे मत आहे. सरकारी नोकरीबाहेरची एक वाट त्या काळी उघडी होती, ती खाजगी शाळांची. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालयात ज्यांनी शिकविले, ते स्वामी रामानंद तीर्थ जन्मले इंग्रजी अमलातील विजापूर जिल्ह्यात, सिंदगीला. आणि ज्या लढ्याने ही संस्थानी राजवट संपली, त्याचे नेतृत्व याच, व्याख्येने गैरमुलकी असलेल्या शिक्षकाने केले.

मुलकी नियम संस्थानाबरोबर संपले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९५२ मध्ये वरंगळ आणि हैदराबाद येथे गैरमुलकींविरुद्ध विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपला संबंध सुटला. पण तेलंगणात हे नियम चालू राहिले, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले, आणि १९७३ मध्ये संसदेला ते रद्द करावे लागले.

येथील माणसे बाहेर केव्हा जाऊ लागली? १९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली ही रेल्वे झाली आणि जगाशी जोडणारा लोखंडी रस्ता कयाधूच्या काठी आला. पण त्यापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ, येथून नोकरीस जाणे म्हणजे हैदराबादेस किंवा पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाणे होते. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असल्यामुळे नदीच्या दोन काठांवर दोन कायदे, दोन नाणी आणि मध्ये करोडगिरीचा नाका असे. निजामाचे सात हाली रुपये मोजावेत तेव्हा इंग्रजी सहा हाती पडत. पुसदच्या बाजारात मजुरी केलेल्या कळमनुरीच्या माणसाला परकीय चलनाचा भाव तोंडपाठ असे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांनी गावे ओस पडू लागली, तेव्हा याच नदीपलीकडे उमरखेडच्या बाजूस लोकांनी आसरा घेतला, आणि मुक्तिलढ्याची केंद्रेही तेथेच उभी राहिली.

समुद्रापार जाण्याचा मराठी इतिहास कोकणाचा आणि साताऱ्या-कोल्हापूरचा आहे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मराठी मजूर गेले ते मुंबई बंदरातून, पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून. त्या करारात धनी ठरलेला, मजुरी ठरलेली, काम सोडणे हा दिवाणी नव्हे, फौजदारी गुन्हा. करार पुरा करून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरालाही १८६७ च्या कायद्यान्वये छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो नसला की शिपाई धरून नेत. आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये या मजुरांच्या सह्यांचा व अंगठ्यांचा मोठा अर्ज गव्हर्नरकडे नेला, तेव्हा शाही आयोग बसला. हिंदुस्थानात या प्रथेविरुद्ध कायदेमंडळात सर्वांत ठामपणे उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले. नाताळकडे मजूर पाठविणे थांबवावे हा त्यांचा ठराव १९१० मध्ये मान्य झाला, आणि मार्च १९१२ मध्ये करारबद्ध मजुरीची प्रथाच नष्ट करावी असा ठराव त्यांनी मांडला. सरकारी मतांनी तो फेटाळला गेला, पण बिनसरकारी सभासद त्यांच्या पाठीशी होते. प्रथा बंद पडली ती गोखले गेल्यानंतर, १९१७ मध्ये. मजुरी कमी आहे, एवढ्यावर गोखले थांबले नाहीत. धनी सोडण्याचे स्वातंत्र्य ज्या करारात नाही तो करार कायद्याने ओळखूच नये, इथपर्यंत त्यांचा युक्तिवाद जात होता, आणि त्याचे महत्त्व शंभर वर्षांनंतरही उणावलेले नाही.

हिंगोली जिल्ह्यातील गरिबाला या बंधनाची ओळख करून घेण्यास मॉरिशसला जावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला कुटुंबे निघतात, तेव्हा त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता; उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही; फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तीच बाकी डोक्यावर. येथे कुठलाही सरकारी परवाना नसतो, सरहद्द नसते, आणि तरी माणूस बांधलेला असतो, कारण जाण्याआधीच तो देणेकरी झालेला असतो. आखातात जाणाऱ्याचीही गोष्ट येथूनच सुरू होते. एजंटाला द्यावयाचे पैसे, मेडिकल, तिकीट यांसाठी एकर-दीड एकर गहाण पडते किंवा बायकोचे डोरले सावकाराकडे जाते, आणि मग विमानात बसणारा मनुष्य कामगार म्हणून नव्हे, ऋणको म्हणून बसतो. कायद्याने नोंदणीकृत एजंटाने घ्यावयाच्या शुल्कावर तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. प्रत्यक्षात मोजली जाणारी रक्कम या मर्यादेला किती जुमानते, हे गावोगाव सर्वांना माहीत आहे.

आखाताचे दार १९७३ नंतर, तेलाचा भाव भडकल्यावर, खऱ्या अर्थाने उघडले. मराठवाड्यातील उर्दू जाणणाऱ्या मुसलमान कारागिरांना तेथील व्यवहार तुलनेने सोपा गेला असावा. कफील, अकामा, खुरूज हे शब्द आज नांदेड-हिंगोलीच्या मोहल्ल्यांत लहान मुलांनाही ठाऊक आहेत. कफील म्हणजे जामीन राहणारा धनी, अकामा म्हणजे तेथे राहण्याचा परवाना, आणि खुरूज म्हणजे देश सोडून जाण्याची परवानगी. त्याच्या नावावर कामगाराचा प्रवेश, त्याच्या सहीवर अकामा, त्याच्या संमतीने दुसरीकडे नोकरी, आणि काही देशांत तर घरी परतण्यासाठीही त्याचीच परवानगी. पासपोर्ट धन्याच्या कपाटात ठेवून घेण्याची वहिवाट कायद्याने निषिद्ध असूनही सर्रास चालत आली. भारताने जुना १९२२ चा कायदा बाजूस सारून १९८३ मध्ये उत्प्रवासनाचा नवा कायदा केला, आणि कमी शिकलेल्यांना ठरावीक देशांत जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी आवश्यक केली. ती देणाऱ्या अंमलदाराचा हुद्दा, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, हा मळ्यांवर मजूर पाठविण्याच्या एकोणिसाव्या शतकातूनच चालत आलेला आहे. २०१४ नंतर हे काम ई-मायग्रेट या संगणकीय व्यवस्थेवर आले, दहा लाखांच्या विम्याची सोयही आहे. या सुधारणा मोलाच्या आहेत, पण त्या विमानतळापर्यंत सोबत करतात. पुढचा कायदा त्या त्या देशाचा. तो हळूहळू बदलतो आहे. बहरैनने २००९ मध्ये धन्याच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची वाट उघडली; कतारने २०१८ मध्ये बहुसंख्य कामगारांना देश सोडण्याच्या परवानगीतून मुक्त केले आणि २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारा ना-हरकत दाखला काढून टाकला; सौदी अरेबियाने २०२१ मध्ये तशीच सवलत दिली, पण घरगुती नोकर, खाजगी वाहनचालक, शेतावर राबणारे यांना वगळून. ज्यांना सर्वांत अधिक गरज, तेच वगळले गेले.

कामगाराच्या हाती जो करारनामा पडतो तो मी पाहिला आहे. उजव्या अंगाला अरबी, डाव्या अंगाला इंग्रजी, आणि ज्याने सही करावयाची त्याला दोन्ही वाचता येत नाहीत. पगाराचा आकडा तेवढा त्याला कळतो, कारण एजंटाने त्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली असते. तीन कलमे खाली, ज्याखाली रेघ नाही तेथे, ठरलेल्या मुदतीआधी काम सोडल्यास परतीचा खर्च कामगाराने सोसावा असे लिहिलेले असते. माझी या जिल्ह्यातील प्रत्येक शिक्षकाला, ग्रामसेवकाला आणि शिकलेल्या मुलाला कळकळीची विनंती आहे की, गावातील कोणी परदेशी निघाला तर पगाराआधी त्याला हे कलम वाचून दाखवावे आणि धनी बदलता येतो की नाही, हे विचारण्यास शिकवावे.

सुशिक्षितांचा परवाना अधिक सुबक असतो, एवढेच. अमेरिकेने १९५२ च्या कायद्यात विशेष गुणवत्तेच्या परदेशी नोकरांसाठी एच-१ हा वर्ग ठेवला. १९९० मध्ये त्याचे आजचे स्वरूप ठरले आणि वर्षाला पासष्ट हजार ही मर्यादा आली, पुढे तेथील उच्च पदवीधरांसाठी वीस हजारांची भर पडली. अर्ज कंपनीने करावयाचा, चिठ्ठ्या टाकून निवड व्हावयाची. २००० सालच्या दुरुस्तीने एक मोठी गोष्ट केली: नव्या धन्याने अर्ज दाखल करताच कामगाराला त्याच्याकडे रुजू होता येऊ लागले. नोकरी गेल्यास नवा धनी शोधण्यास साठ दिवसांची मुभा २०१७ पासून आहे. परंतु कायम वास्तव्यासाठी कोणत्याही एका देशाला वर्षाच्या संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांची झाली; आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठी करावयाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा भार टाकण्यात आला. हा भार कंपनीने सोसावयाचा असला, तरी ज्याच्यासाठी एवढी रक्कम मोजली तो धन्यापुढे मान वर करून बोलेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. युरोपाकडे आता नवी वाट निघत आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात दहा हजार जणांचा उल्लेख झाला. शासन स्वतः मध्ये आहे ही समाधानाची बाब. एजंटाचे देणे तरी डोक्यावर राहू नये.

दरम्यान जिल्ह्यातच एक नवी गोष्ट घडत आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे दोन हजार सहाशे कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे हे यंत्र अमेरिकेतील लायगोच्या सहकार्याने बसावयाचे आहे. उद्या तेथे एखादा परदेशी तंत्रज्ञ नोकरीवर आला, तर भारताचा रोजगार व्हिसा त्याला लागू होईल, आणि त्याच्या अटी आपण वाचून ठेवण्यासारख्या आहेत. अर्ज नोकरी देणाऱ्या संस्थेच्या नावाने. काम असे हवे की ज्यासाठी योग्य भारतीय सहज मिळत नाही. पगार, काही अपवाद वगळता, वर्षाला सव्वासोळा लाखांहून कमी नसावा. मुक्काम एकशे ऐंशी दिवसांहून अधिक असेल तर आल्यापासून चौदा दिवसांच्या आत परकीय नागरिक म्हणून नोंद व्हावी. ही नोंद पूर्वी बहुतेक जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत होत असे, आता ती बहुतांशी संगणकावर होते. आणि शेवटची अट अशी की, ज्या संस्थेच्या नावाने तो आला तिच्याखेरीज दुसऱ्या धन्याकडे, समूहातील कंपन्यांसारखे मोजके अपवाद सोडल्यास, त्याला भारतात राहून नोकरी धरता येत नाही. मायदेशी परतून नवा व्हिसा काढावा लागतो. आपल्या मुलांसाठी जी मोकळीक आपण रियाध आणि वॉशिंग्टनकडे मागतो, ती दुधाळ्यास येणाऱ्या परक्यालाही मिळावी, अशी मागणी मराठवाड्यातून अद्याप कोणी केलेली माझ्या ऐकिवात नाही. ती करण्याचा नैतिक अधिकार हिंगोलीइतका दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला असेल असे मला वाटत नाही.